फेब्रुवारीचं पान

स्वाकोपमुंडला सकाळी धुकं असतं.
दुकानाची काच पुसून मी संगणक सुरू करतो
आणि कार्डातून नामिब वाळवंट उतरतं:
तीनशे बारा फोटो, सगळे कच्चे,
सगळे आंबोणाच्या रंगाचे.

डिटमारला लाल हवं असतं.
लाल वाळू आत आहे, बरीच आत.
इथे समुद्राजवळ ती पिवळट,
भिजून वाळलेल्या चामड्यासारखी.
पण कॅलेंडर घेणारा राहतो बर्फाच्या देशात,
त्याला स्वयंपाकघराच्या भिंतीवर ऊब पाहिजे.
मी स्लायडर सरकवतो. नऊ. पंधरा. बावीस.
बाविसाला टेकडी लाजते,
तिसाला धडधडीत खोटं बोलायला लागते.
मी अठ्ठाविसाला थांबतो.
एवढीच माझी नीतिमत्ता.

मग तो कण.
कॅमेऱ्याच्या आत कधीतरी शिरलेला,
प्रत्येक आभाळात उजवीकडे वर एक करडा ठिपका.
तीनशे बारा आभाळं, कण एकच.
टिपत बसतो, उवा टिपाव्यात तसा.

आणि त्या एका फोटोत
सावलीच्या अंगाने उतरलेली पावलं,
शेजारी गाडीच्या दोन चाकोऱ्या, गाढव,
खाली काट्यांचं काळपट हिरवं जाळं.
डिटमारने त्यावर गोल काढला होता, बाजूला लिहिलं होतं:
स्वच्छ.
वाळूवर वाळूच ठेवायची असते,
डावीकडची उचलून उजवीकडे.
वाऱ्याला दोन दिवस लागले असते,
मला चाळीस मिनिटं लागली, आणि चहा निवला.

डिसेंबरात ते कॅलेंडर घेऊन
कुइसेबच्या काठी आत्याकडे गेलो.
ओतिलिए आत्याने हात एप्रनला पुसले,
पान आधी लांब धरलं, मग नाकाशी.
'ही माझी टेकडी.'
म्हटलं, आत्या, टेकड्या सगळ्या सारख्याच दिसतात.
'दिसतात लोकांना.'
तिने नख ठेवलं: इथे उतार मोडतो,
मेंढी बसल्यासारखा. त्याच्याखाली माझी नाराची झुडपं,
माझ्या आईची, तिच्या आईची.
'कुठे गेली?
आणि काप्तेन कुठाय?'

काप्तेन म्हणजे तिचं गाढव.
मी उजेडाविषयी बोललो.
दुसऱ्या बाजूने काढला असेल, असंही बोललो.
नाराच्या बिया तोलताना
तराजूवर अंगठा ठेवणाऱ्या व्यापाऱ्याकडे
ती जशी बघते, तशी माझ्याकडे बघत राहिली.
'पुसलंस?'
हो.
'पुसून जातं कुठे?'
हे मला कोणी शिकवलेलं नव्हतं.

तरी तिने ते टांगलं, पिठाच्या डब्यावरच्या खिळ्याला.
मग बिया मोजायच्या वहीतलं बॉलपेन आणलं
आणि त्या गुळगुळीत, महागड्या कागदावर
काट्यांचा एक गुंता काढला.
दोन चाकोऱ्या काढल्या, दाबून, कागद फाटेपर्यंत.
गाढव काही जमेना.
चार पाय काढले, एक कान,
आणि म्हणाली, 'राहू दे,
उरलेलं तोच येऊन उभं करील.'
बाहेर काप्तेन उकळत्या पिपाजवळ
साली खात होता.

मूळ फाइल मी उडवली नव्हती.
'कचरा' नावाच्या फोल्डरात होती.
रात्री दुकान बंद करून उघडली, मोठी केली.
शंभर टक्क्यांना पावलं.
दोनशेला टाच आणि बोटं वेगळी.
चारशेला सगळ्याचे चौकोन झाले, नुसते पिवळट चौकोन,
त्यात आत्या नव्हती.
तीनशेवर परत आलो.
तिथे, उतार मोडतो त्याच्या जरा वर,
एक डावी टाच इतरांपेक्षा खोल गेली होती.
पोतं तिने तिथे खांदा बदलून घेतलं असणार.